परदेशी युद्धनौकेभोवती आपलं टेहळणी विमान: किती जवळ जातं आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातल्या एका तरुणाचे काका जयगडच्या बाहेर ट्रॉलर घेऊन जातात. ऑक्टोबरातल्या एका दुपारी त्यांना राखाडी युद्धनौका दिसली, झेंडा आपला नव्हता. थोड्या वेळाने दोन पंख्यांचं विमान आलं, नौकेच्या ‘अगदी डोक्यावरून’ दोन फेऱ्या मारून दक्षिणेला निघून गेलं. विमानाला इतकं जवळ जाता येतं का? नौका त्याच्यावर गोळी झाडू शकते का? परदेशी युद्धनौका मुळात इथे काय करत होती? आणि आपल्या जहाजांवर अशीच कोणाची विमानं येतात का?

मी नौदलात निरीक्षक होतो. विमान उडवतो वैमानिक. रडार, रेडिओ, मार्ग, छायाचित्रं आणि समोर दिसणारं जहाज नेमकं काय आहे हे ठरवणं, हे निरीक्षकाचं काम. अलीझे या जुन्या फ्रेंच गस्ती विमानांची शेवटची वर्षं आणि नंतर डॉर्नियर, असं माझं बहुतेक उड्डाण गोव्यातल्या दाबोळीहून झालं. त्यामुळे काकांनी पाहिलं ते दृश्य मला दुसऱ्या बाजूने चांगलं ठाऊक आहे. जे उघड आहे तेवढंच लिहितो, पण ते पुरेसं आहे.

आधी विमान कोणतं ते. पंख अंगाच्या वर बसवलेले, दोन पंखे, पोटाखाली रडारचा फुगीर डबा, रंग राखाडी असेल तर ते नौदलाचं डॉर्नियर 228. तेच विमान पांढऱ्या रंगात असेल तर तटरक्षक दलाचं. नौदलाची 310 क्रमांकाची तुकडी, जिला ‘कोब्रा’ म्हणतात, ती दाबोळीच्याच आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर असते आणि तिथून जयगड हे डॉर्नियरला पाऊण तासाच्या आतलं अंतर आहे. पंखे नसून जेट असतं तर मी पी-8आय म्हटलं असतं. बोईंग 737 च्या सांगाड्यावरचं हे लांब पल्ल्याचं विमान मार्च 2022 पासून हंसावरही तैनात आहे. चार पंख्यांचं जुनं रशियन आयएल-38 आता दिसणार नाही, ते ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झालं.

‘डोक्यावरून’ हे मात्र मी मानणार नाही. काकांच्या नजरेत खोट नाही, दोष भूमितीचा आहे. होडीत उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून फार तर अडीच-तीन मीटरवर असतात. दोन किलोमीटरवरच्या नौकेची डोलकाठी त्याला क्षितिजाच्या जेमतेम एक अंश वर दिसते. त्याच दिशेला, पण नौकेच्या पलीकडे आणखी तीन-चार किलोमीटरवर, हजार फुटांवरून जाणारं विमान तीन अंशांच्या आसपास दिसतं. म्हणजे डोलकाठीच्या बोटभर वर. मधलं अंतर कळायला डोळ्याला कसलाच आधार नसतो, कारण पाण्यावर झाड नाही, घर नाही. त्यात दुपारची वेळ. छायाचित्रासाठी सूर्य पाठीशी हवा, म्हणून दुपारनंतर विमान नौकेच्या पश्चिमेला राहतं. काका किनाऱ्याच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. उन्हाच्या तिरिपीत नौका आणि विमान एकावर एक चढलेले दिसणारच.

आता कायदा. तो तीन रेषांचा आहे आणि तिन्हींचं मोजमाप किनाऱ्याच्या आधाररेषेपासून होतं. पहिली 12 सागरी मैलांवर, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. हा प्रादेशिक समुद्र, त्याच्यावरचं आकाशही आपलंच. साठेक मीटर उंच कड्यावर उभं राहिलात तर क्षितिज सुमारे 28 किलोमीटरवर असतं, त्यामुळे किल्ल्यावरून जेवढं पाणी दिसतं त्याचा बहुतेक भाग या रेषेच्या आतला. दुसरी रेषा 24 मैलांची, ती मुख्यतः सीमाशुल्क आणि तत्सम कायद्यांसाठी, तिच्यात इथे अडकायला नको. तिसरी 200 मैलांची, साधारण 370 किलोमीटर: अनन्य आर्थिक क्षेत्र, ज्याला सगळे ईईझेड म्हणतात.

परदेशी युद्धनौका 12 मैलांच्या आतूनसुद्धा जाऊ शकते, याचं बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. त्याला निरुपद्रवी गमन म्हणतात: न थांबता, न रेंगाळता, सराव न करता सरळ निघून जाणं. आपल्या 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार युद्धनौकेने त्यासाठी आगाऊ सूचना द्यावी लागते आणि पाणबुडीने पाण्यावर येऊन झेंडा दाखवत जावं लागतं. त्या प्रवासात माहिती गोळा करणं किंवा डेकवरून हेलिकॉप्टर उडवणं हे 1982 च्या समुद्र कायदा करारात निरुपद्रवी धरलेलं नाही. विमानाला मात्र ही सवलतच नाही. परदेशी लष्करी विमान 12 मैलांच्या आत परवानगीशिवाय आलं की ती घुसखोरी, मग ते कितीही गुपचूप सरळ जात असो.

12 मैलांच्या बाहेर चित्र पालटतं. ईईझेडमधली मासळी, तेल, वायू आपलं; जाण्यायेण्याची वाट सगळ्यांची. आपल्याकडे काजूच्या बागेतून गावाची वहिवाटीची पाणंद जाते, तसंच. बोंडं तोडली तर भांडण, नुसतं चालत गेला तर मालक काही करू शकत नाही. वरच्या आकाशालाही हेच लागू आहे. काकांना दिसलेली नौका 12 मैलांच्या बाहेर असेल तर तिला तिथे असण्याचा हक्क होता, आणि आपल्या विमानाला तिला जवळून पाहण्याचा.

ती तिथे काय करत होती हे एका झेंड्यावरून मी सांगू शकत नाही, पण ऑक्टोबर म्हटल्यावर एक शक्यता उघड आहे. ब्रिटन आणि भारत यांच्या नौदलांचा सराव 2004 पासून चालतो आणि त्याचं नावच ‘कोकण’ आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रिटिश विमानवाहू ‘क्वीन एलिझाबेथ’ आली तेव्हा तिन्ही दलांचा ‘कोकण शक्ती’ सराव झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि आपली ‘विक्रांत’ पश्चिम किनाऱ्यावर एकत्र होत्या. फ्रान्सबरोबर ‘वरुणा’ चालतो. शिवाय एडनच्या आखाताकडून मलाक्काकडे जाणारी नौदलं अरबी समुद्र ओलांडतच असतात. चीनची चाचेविरोधी गस्त तर डिसेंबर 2008 पासून सुरू आहे. मित्राची नौका असो वा नसो, आपलं विमान जाऊन बघतंच. मित्राकडे बघण्यात शिष्टाचार जास्त आणि डोळे तेवढेच उघडे.

आता मूळ प्रश्न: किती जवळ? अमुक मीटरच्या आत जायचं नाही असा आकडा समुद्र कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. 1944 च्या शिकागो करारात लष्करी विमानांनी नागरी विमानांच्या सुरक्षिततेची योग्य ती काळजी घ्यावी, एवढंच आहे. बाकी सगळं दोन देशांतल्या करारांवर, नौदलांच्या स्थायी आदेशांवर आणि त्या घटकेला कॉकपिटमध्ये आणि नौकेच्या ब्रिजवर, म्हणजे ती जिथून चालवतात त्या कक्षात, बसलेल्या दोन माणसांच्या डोक्यावर चालतं. हेच आमच्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी समजलं गेलेलं सत्य आहे.

करार झाले ते माणसं मेल्यानंतर. 25 मे 1968 रोजी नॉर्वेजियन समुद्रात सोव्हिएत टीयू-16 विमान अमेरिकी विमानवाहू ‘एसेक्स’जवळून अगदी खालून गेलं, वळताना पंख पाण्याला लागला आणि सातही जण गेले. त्या काळात दोन्ही बाजू एकमेकांच्या जहाजांवर असे खेळ सर्रास करत. बरोबर चार वर्षांनी, 25 मे 1972 रोजी मॉस्कोत समुद्रावरच्या घटना टाळण्याचा करार झाला. त्यात थरारक काही नाही: एकमेकांच्या जहाजांवर लुटुपुटीचा हल्ला करायचा नाही, तोफा-क्षेपणास्त्रं रोखायची नाहीत, विमानवाहू विमानं उडवत असेल तेव्हा तिच्या वाटेत यायचं नाही, ठरलेले संकेत वापरायचे. 2014 मध्ये पश्चिम पॅसिफिकच्या नौदलांनी मान्य केलेली अचानक भेटींची संहिता याच वळणाची आहे, फक्त ती बंधनकारक नाही.

आपला आणि पाकिस्तानचा करार 6 एप्रिल 1991 चा. सरावांची आगाऊ सूचना देण्याच्या त्या करारात समुद्राबद्दल दोन कलमं आहेत. आंतरराष्ट्रीय पाण्यात दोन्ही देशांच्या नौका आणि पाणबुड्यांनी एकमेकांपासून तीन सागरी मैलांच्या आत यायचं नाही. आणि विमानांनी दुसऱ्याच्या जहाजांवर झेप टाकून घोंगावायचं नाही. विमानासाठी मात्र तिथेही मैलांचा आकडा नाही, हे लक्षात घ्या. घोंगावणं म्हणजे किती, हे दोघांनी समजून घ्यायचं. त्याच दिवशी झालेल्या हवाई हद्दीच्या करारात लढाऊ विमानांबरोबर टेहळणी विमानांचंही नाव घेऊन, दुसऱ्याच्या हवाई हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत उडायचं नाही असं ठरलं. ऑगस्ट 1999 मध्ये, कारगिल संपून महिना होत नाही तोच, पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान कच्छच्या रणापाशी आपल्या मिग-21 ने पाडलं आणि आतले 16 जण ठार झाले. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जून 2000 मध्ये न्यायालयाने स्वतःला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून प्रकरण मिटवलं. आम्हा टेहळणीवाल्यांना त्या घटनेने शिकवलं ते असं, की तणावाच्या काळात रेषेजवळचं संथ विमान हेच सगळ्यात सोपं सावज असतं. अटलांटिक काय नि डॉर्नियर काय, पळून जाण्याच्या वेगाची ही विमानंच नव्हेत.

आता सॉर्टी, म्हणजे टेहळणीचं एक उड्डाण, प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो, म्हणजे काकांना दिसलेल्या दोन फेऱ्यांचा अर्थ लागेल.

पहिला तास काहीच ‘दिसत’ नाही, तो पडद्यावर जातो. दहा हजार फुटांवरून रडारचं क्षितिज साधारण 120 सागरी मैल असतं, हजार फुटांवर उतरलात की ते चाळिसाच्या आत येतं. म्हणून आधी उंचावरून सगळा पसारा बघायचा. मुंबई-कोची पट्ट्यात टँकर, कंटेनर, ट्रॉलर यांचे ठिपके मुंग्यांसारखे असतात. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या, 300 टनांवरच्या मालवाहू जहाजांना आपली ओळख सांगणारा एआयएस संच चालू ठेवावा लागतो, युद्धनौकांना ते बंधन नाही. मग रडारवर आहे पण एआयएसवर नाही, असा ठिपका शोधायचा. तो मोठा असेल, वेग मालवाहूपेक्षा वेगळा असेल, वळणं नेटकी असतील, तर तो आपला दिवसाचा पाहुणा. आताची रडारं लांबूनच त्याची आकृती काढतात. जहाज डुलतं तेव्हा डोलकाठीचं टोक आणि सांगाडा वेगवेगळ्या वेगाने हलतात, त्या फरकातून पडद्यावर सावलीसारखी बाजू उमटते. गंमत म्हणजे समुद्र अगदी ताटासारखा शांत असेल तर ही आकृती धड येत नाही.

तिसरा डोळा म्हणजे कान: समोरच्या नौकेची कोणती रडारं चालू आहेत हे ऐकणारा संच. प्रत्येक रडारची स्वतःची लय असते आणि ती बहुतेक वेळा झेंड्याच्या आधी कळते. कधी कधी नौका सगळं बंद करून गप्प चाललेली असते. दर्यावर एवढं मोठं जहाज आणि साधं दिशादर्शक रडारसुद्धा चालू नाही, हीच मग नोंद घेण्यासारखी गोष्ट.

एवढं झाल्यावर जवळ जायचं. जायचं ते मागून, एका बाजूने, नौकेच्या मार्गाला समांतर. नाक तिच्याकडे रोखून आडवं यायचं नाही, कारण हल्ल्याला येणारं विमान तसंच येतं. उंची आणि वेग आधीच ठरवून स्थिर ठेवायचे, शस्त्रकप्प्याची दारं असलेलं विमान असेल तर ती बंदच ठेवायची. डेकवर हेलिकॉप्टर सुरू होताना दिसलं तर लांब व्हायचं. रेडिओच्या चॅनल 16 वर, जो सगळी जहाजं ऐकत असतात, आपली ओळख द्यायची: भारतीय नौदलाचं विमान, आपल्या डाव्या बाजूला, अमुक उंचीवर. मालवाहू जहाजाचा कप्तान लगेच नाव, ध्वज, मागचं बंदर, पुढचं बंदर सांगतो. त्यातले बरेच जण तर गप्पांना आसुसलेले असतात, आणि त्यांतले कितीतरी आपल्याच रत्नागिरी-रायगडचे निघतात. युद्धनौका उत्तर द्यायला बांधलेली नाही. दिलं तर बहुधा ठरलेलं एक वाक्य: आम्ही आंतरराष्ट्रीय पाण्यात, आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार चाललो आहोत.

पहिल्या फेरीत एक बाजू, दुसरीत दुसरी. काकांनी पाहिल्या त्या दोन फेऱ्या बहुधा याच. कॅमेरेवाला खिडकीला चिकटलेला असतो. आदल्या खालच्या सॉर्टीचं मीठ काचेवर राहिलं असेल तर कॅमेऱ्याचा फोकस त्या डागावरच बसतो, म्हणून काच उड्डाणाआधी पुसायची आणि परत आल्यावर सगळं विमान गोड्या पाण्याने धुवायचं. अरबी समुद्रावर खालून उडणाऱ्या विमानाला शत्रूपेक्षा मीठ लवकर खातं. टिपायचं काय? सांगाड्यावरचा क्रमांक, तो तर पुस्तकात मिळतोच. पण मागच्या वेळी नसलेला अँटेना, डेकवर ताडपत्रीखाली झाकलेली नवी पेटी, हेलिकॉप्टर कोणतं, मागे पाण्यात काही ओढत नेत आहेत का, फेसाचा पट्टा किती लांब, सांगाडा पाण्यात किती बसलाय, गंज किती. गंज चढलेली नौका बरेच महिने घराबाहेर आहे. डेकवर वीस-पंचवीस जण रंगकाम करत असतील तर ती बंदराच्या वाटेवर आहे आणि आज तरी तिचा कसला बेत नाही. आणि हो, तिकडूनही चार जण मोठ्या लेन्सा घेऊन आपले फोटो काढत असतात. बरेचदा हातही हलवतात, आम्हीही हलवत असू.

एका सॉर्टीचं छायाचित्र कोणाच्या फारसं उपयोगाचं नसतं. उपयोग होतो तो साचा लक्षात आल्यावर: हीच नौका मागच्या खेपेला कोणत्या वाटेने गेली, कुठे वेग कमी केला, कोणत्या तेलवाहूला भेटली. सप्टेंबर 2019 मध्ये पी-8आयने टिपलेली ‘शियान-32’ या चिनी युद्धनौकेची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली, तेव्हा लोकांना फोटोचं कौतुक वाटलं. मला वाटतं छापण्याचा हेतूच वेगळा होता: तुम्ही कुठे आहात हे आम्हाला माहीत आहे, एवढं कळवणं. टेहळणीचा निम्मा भाग बघणं असतो, निम्मा आपण बघतोय हे दिसू देणं.

नौका गोळी झाडू शकते का? आपल्यावर हल्ला होतोय किंवा होण्याच्या बेतात आहे असं कप्तानाला प्रामाणिकपणे वाटलं तर स्वसंरक्षणाचा हक्क त्याला कुठेही आहे. नुसतं बघायला आलेल्या विमानावर मात्र नाही. मधल्या धूसर पट्ट्यात काय होऊ शकतं याची दोन उदाहरणं इराणच्या आखातातली आहेत, एकाच वर्षाच्या अंतराने. मे 1987 मध्ये ‘स्टार्क’ या अमेरिकी युद्धनौकेने जवळ येणाऱ्या इराकी विमानाला मित्र समजून वाट पाहिली, दोन एक्झोसे क्षेपणास्त्रं आदळली, 37 खलाशी गेले. जुलै 1988 मध्ये ‘व्हिन्सेन्स’ या दुसऱ्या अमेरिकी युद्धनौकेने वाट पाहिली नाही, तिने पाडलेलं विमान इराणचं प्रवासी एअरबस निघालं, 290 माणसं गेली, त्यांत 10 भारतीय होते. ते विमान उंची घेत होतं आणि नौकेवरच्या खोलीत ते खाली झेपावतंय असा समज झाला होता. म्हणूनच आम्ही उंची बदलायची नाही, नाक वळवायचं नाही यावर एवढे अडून बसतो. समोरच्या बंद खोलीत घाबरलेला माणूस पडद्यावर काय वाचेल, याचा विचार करून उडायचं असतं.

एक उलटी वाटेल अशी गोष्ट सांगतो. आजच्या काळात डोळ्यांना दिसण्याइतकं जवळ आलेलं गस्ती विमान हे कमी धोक्याचं असतं. पी-8आयला जहाजावर खरोखर हल्ला करायचा असेल तर त्याच्याकडचं हार्पून क्षेपणास्त्र शंभर किलोमीटरहून लांबून सुटतं. नौकेला विमान दिसणारही नाही. जवळ येतो तो बघायला आणि दिसायला. अनुभवी कप्तानाला हे ठाऊक असतं, म्हणून तो फार तर तोफा सरळ पुढे-मागे ठेवून रेडिओवर दोन शब्द बोलतो.

सगळेच तसे नसतात. डिसेंबर 2018 मध्ये जपानने तक्रार केली की दक्षिण कोरियाच्या विनाशिकेने जपानी पी-1 गस्ती विमानावर गोळीबाराचं, म्हणजे नेम धरणारं, रडार रोखलं. कोरिया म्हणाला, तुमचंच विमान धोकादायक खालून आलं. दोघंही अमेरिकेचे मित्र, तरी भांडण साडेपाच वर्षं पुरलं आणि जून 2024 मध्ये कोण खरं ते न ठरवताच पुन्हा असं होऊ नये यावर मिटलं. फेब्रुवारी 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाने सांगितलं की अराफुरा समुद्रात चिनी युद्धनौकेवरून ऑस्ट्रेलियाच्या पी-8 वर लेझर मारला गेला. चीनने ते नाकारलं. गोळीबाराचं रडार रोखणं म्हणजे ट्रिगरवर बोट ठेवणं. लेझरने वैमानिकाचे डोळे जाऊ शकतात. या दोन गोष्टींत ‘चुकून झालं’ ही सबब मी तरी ऐकून घेत नाही.

आता आपल्याकडची एक अडचण. समुद्र कायद्याला मान्यता देताना 1995 मध्ये भारताने निवेदन केलं की आमच्या ईईझेडमध्ये दुसऱ्या देशांनी संमतीशिवाय लष्करी सराव, विशेषतः शस्त्रं-स्फोटकं वापरून, करणं या करारात बसत नाही. अमेरिका हे मानत नाही (ती त्या करारात सामीलही नाही, हा आणखी एक विनोद). एप्रिल 2021 मध्ये तिची ‘जॉन पॉल जोन्स’ लक्षद्वीपच्या पश्चिमेला 130 सागरी मैलांवरून मुद्दाम गेली आणि तसं पत्रकच काढलं. आपल्याकडे संताप झाला. परराष्ट्र खात्याने सांगितलं की इराणच्या आखातापासून मलाक्काकडे जाताना तिच्यावर सतत लक्ष होतं. संतापणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की आपली विमानं दुसऱ्यांच्या नौका बघायला जातात ती कोणत्या हक्काने? त्याच हक्काने, ज्याने ती नौका तिथून गेली. नुसतं उडणं आणि बघणं आपल्या निवेदनातही अडवलेलं नाही, आणि अडवूही नये असं माझं मत आहे. दोन विनाशिका आणि चार गस्ती विमानं असलेल्या देशाला ‘माझ्या 200 मैलांत बघू नका’ म्हणणं परवडतं. पार एडनपर्यंत गस्त घालणाऱ्या नौदलाला ते परवडत नाही.

संशोधनाच्या नावाखाली समुद्रतळ मोजणं वेगळं, त्याला ईईझेडमध्ये किनारी देशाची परवानगी लागतेच. 2019 मध्ये अंदमानजवळ आलेल्या ‘शियान-1’ या चिनी संशोधन जहाजाला आपल्या नौदलाने परत पाठवलं, हे तेव्हाचे नौदलप्रमुख करमबीर सिंह यांनी जाहीर सांगितलं होतं. म्हणजे पाहुणा कोण आहे यापेक्षा तो काय करतोय, यावर सगळं ठरतं, आणि काय करतोय हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्या जहाजांवर परदेशी विमानं येतात का? येतात. पाकिस्तानची ओरायन ही टेहळणी विमानं अनेक वर्षं याच कामासाठी आहेत, आणि खोल समुद्रात अमेरिकी, फ्रेंच, जपानी कोणीही भेटू शकतं. आपल्या नौकेवर तेव्हा धावपळ होत नाही. रडारवर विमान लांबूनच दिसलेलं असतं, ब्रिजवर एक जण त्याची दिशा-उंची वाचत राहतो, जे झाकायचं ते झाकलेलं असतं, जी रडारं ऐकू द्यायची नाहीत ती बंद केलेली असतात. मग कॅमेरा बाहेर येतो.

काकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. त्यांना धोका विमानाचा नाही, नौकेचा आहे. ऑक्टोबर 2000 मध्ये एडन बंदरात स्फोटकांनी भरलेली छोटी होडी ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेवर आदळून 17 खलाशी मेले, तेव्हापासून प्रत्येक नौदल जवळ येणाऱ्या छोट्या होडीकडे संशयानेच बघतं. जुलै 2012 मध्ये दुबईजवळ अमेरिकी तेलवाहू जहाजावरून झालेल्या गोळीबारात एक भारतीय मच्छीमार ठार झाला, तिघे जखमी झाले; त्याच वर्षी फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्यावर इटालियन सैनिकांनी दोघांना मारलं होतं. दोन्ही वेळा होडीत नुसती मासेमारी करणारी माणसं होती. तेव्हा कौतुकाने फोटो काढायला नौकेकडे तोंड करून जायचं नाही. जाळं पाण्यात असेल आणि नौका अंगावर येत असेल तर चॅनल 16 वर होडीचं नाव आणि जाळं टाकल्याचं सांगायचं, जमल्यास मार्ग बदलून तिला आपली बाजू दाखवायची. रात्री दिवे चालू ठेवायचे.

अनोळखी जहाज किनाऱ्याजवळ थांबलेलं, होड्या उतरवताना किंवा पाण्यात काही सोडताना दिसलं तर तटरक्षक दलाचा 1554 किंवा सागरी पोलिसांचा 1093 क्रमांक लावायचा. 1993 मध्ये रायगडातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हा ते कोणत्याही विमानाला दिसलं नव्हतं. सांगताना ‘मोठं जहाज’ म्हणू नका. जीपीएसवरचे आकडे, वेळ, कुठल्या दिशेला चाललंय, अंगावर कोणता क्रमांक, आणि डेकवर किंवा बाजूला काय चाललंय, या पाच गोष्टी सांगा. काकांच्या निरोपावरूनही विमान निघतं, आणि या पाच गोष्टी हाती असल्या तर पहिला तास शोधण्यात जात नाही. आपल्या नौकांचे फोटो मात्र जागा-वेळेसकट समाजमाध्यमांवर टाकू नका. मी वर सांगितलेला साचा शोधणारे दुसरीकडेही बसलेले आहेत.

शेवटचा एक बारका प्रश्न राहिला: विमानातून आम्ही दिसतो का? दिसता. डॉर्नियर हजार फुटांवर असेल तर होडीचा रंग, डेकवरची माणसं, जाळं आत आहे की बाहेर, सगळं स्पष्ट दिसतं, आणि आणखी खाली आलं तर नोंदणी क्रमांकही वाचता येतो, फक्त तो रंगवलेला असावा लागतो. पावसाळ्यानंतर अर्ध्याअधिक होड्यांचे क्रमांक पुसट झालेले असतात. 1 ऑगस्टला दर्यात उतरण्याआधी तेवढा एक रंगाचा हात मारून घ्यायला काकांना सांगा.